अण्णांच्या बासचा स्टँड

बसवनगुडीतली माडीवरची ती खोली मला मिळाली ती अर्ध्या तासाच्या उलटतपासणीनंतर. मी नागपूरची, इतक्या लांब कशाला आले, लग्न का झालं नाही, कॉम्प्युटरच्या कंपनीत माणसं दिवसभर नेमकं काय करतात, हे सगळं विचारून झाल्यावर घरमालक व्यंकोजीराव अण्णांनी आवाज खाली आणला आणि शेवटचा प्रश्न टाकला. "तुमच्या घरात कोणी फुंकून वाजवणारं आहे काय?" मला वाटलं, आवाजाचा त्रास नको म्हणून विचारत असतील. माझे एक मामा पेटी वाजवतात आणि तीही गणपतीपुरतीच, असं मी सांगितलं. अण्णांनी भिंतीकडे बघत विचार केला. "पेटी सरी, चालेल. तिला फुंकावं लागत नाही," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या प्रश्नाचं कारण पुढच्या रविवारी कळलं. खालच्या मधल्या खोलीला कडी होती, कडीला कुलूप होतं, आणि कुलपाच्या भोकात अण्णा कागदाचा बोळा बसवत. कोणी किल्ली घालून पाहिली तर बोळा आत जाईल आणि आपल्याला कळेल, हा हिशेब. त्या खोलीत त्यांचा बास असायचा. पितळेचं अवाढव्य वाद्य, नळ्यांचं वेटोळं, वर परातीएवढं तोंड. इंग्रजीत त्याला ट्यूबा म्हणतात, पण अण्णा ज्या बँडमध्ये वाजवत तिथले सगळे बासच म्हणत. अण्णांच्या बायकोला मी अक्का म्हणायची. त्या त्याला भोंगा म्हणत, आणि तेही अण्णा ऐकण्याच्या अंतरावर आहेत याची खात्री करून.

ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातली. मराठी घरापुरती उरलेली, तिच्यातही निम्मं कानडी. अण्णांनी उभं आयुष्य चिकपेटेत एका कापडाच्या दुकानात थानं मोजण्यात घालवलं होतं. तिथूनच त्यांना एक सवय लागली होती: दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही. थानावर छापलेला आकडा कितीही ठळक असो, अण्णा आपल्या गजानं मोजणार. निवृत्त झाल्यावर गज दुकानात राहिला, मग त्यांनी गाठी मारलेली एक सुतळी खिशात ठेवायला सुरुवात केली. दाराची फळी, भोपळ्याचा घेर, शेजाऱ्यानं बांधलेल्या भिंतीची उंची, सगळ्याला ती सुतळी लागायची. मी राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरलाही लागली. अंगणातली जागा मी सांगितली त्यापेक्षा जास्त खाते की काय, हे त्यांना बघायचं होतं.

संशय हा त्यांचा स्वभाव होता म्हणणं कमीच. तो त्यांचा उद्योग होता. दूधवाल्यापुढे ते दूध बोटावर घेऊन उन्हात धरत. रिक्षात बसले की रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघत, आणि घरी आल्यावर अक्कांना रस्त्यात काय दिसलं ते विचारत. बासच्या बाबतीत तर विचारूच नका. खोलीतून बाहेर पडताना ते त्याच्या तोंडाच्या कडेवर खडूनं बारीक रेघ ओढत आणि तिच्यासमोर भिंतीवर दुसरी. परत आल्यावर दोन्ही जुळल्या तर आत जाऊन बसत. नाही जुळल्या तर अक्कांची, मोलकरणीची आणि माझी क्रमानं चौकशी होई. एकदा रेघ जुळली नाही त्याचं कारण खिडकीतून आलेलं मांजर निघालं. अण्णांनी त्या मांजराकडेही बराच वेळ रोखून पाहिलं. त्यांच्या मते ते केशोजींच्या गल्लीतलं होतं.

केशोजीराव म्हणजे बँडमधले युफोनियमवाले. युफोनियम हा बासचा धाकटा भाऊ, तसंच वेटोळं पण आकारानं निम्मा. धाकट्याचा डोळा थोरल्याच्या जागेवर असणारच, असं अण्णांनी तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. केशोजी समोर आले की अण्णा नमस्कार करत, प्रकृती विचारत, आणि ते गेल्यावर म्हणत, "बघितलात? आधी बासकडे बघितलं. मग माझ्याकडे."

हा डोळा असण्याला एक आधार होता. इथल्या मराठी समाजाच्या त्या बँडमधली वाद्यं कोणा एकाच्या मालकीची नव्हती, सगळी बँडची. खंडेनवमीला देवळाशेजारच्या हॉलमध्ये जाजमावर ती ओळीनं मांडून पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडू, लिंबं. रात्रभर त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी प्रत्येकानं आपलं वाद्य स्वतःच्या हातानं जमिनीवरून उचलायचं आणि उभं राहून एक सूर लावायचा. ज्यानं उचललं, वर्षभर ते त्याच्या घरी. ज्याला उचलता आलं नाही त्यानं पुढच्याकडे सोपवायचं, आणि बासच्या बाबतीत पुढचे म्हणजे केशोजी. बोलाचाली नाही, मतदान नाही. बाजा वाजवणाऱ्यांचा ताशीव नियम होता तो आणि चाळीस वर्षं अण्णांनी तो अभिमानानं पाळला होता. इतकी वर्षं बास त्यांच्या घरी, एका जुन्या घोंगडीवर, तोंड खाली करून उभा असायचा.

त्या वर्षी आषाढात मात्र अण्णांनी अचानक जाहीर केलं की बासला स्टँड पाहिजे. तोंडावर उभा ठेवला की कडा वाकते, आडवा ठेवला की पोटाला पोचा येतो. चाळीस वर्षांत वाकली नव्हती ती कडा आताच का वाकायला लागली, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, घुशी झाल्यात. दुसऱ्या दिवशी घुशी गेल्या आणि फरशीला ओल आली. त्यानंतरच्या आठवड्यात चोर आले. उंचावर असलेली वस्तू चोराला पटकन उचलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तर उलटंच वाटत होतं. कारण रोज बदलत होतं आणि मला पहिली शंका तिथेच आली. अण्णांच्या घरात राहून मलाही तो रोग जडायला लागला होता.

माझ्याकडे स्कूटर होती आणि मी बँडमधली नव्हते, या दोन गुणांवर माझी निवड झाली. आधी मी ऑफिसमधल्या एकाकडून वाद्यांचा परदेशी कॅटलॉग मिळवला. हा माणूस नुकताच परदेशातून आला होता आणि त्याला स्वतःला गिटारची हौस होती. त्यात बासचे स्टँड होते, काळे, घडीचे, तीन पायांचे, रबरी बूट घातलेले. अण्णांनी चष्मा पुसून प्रत्येक फोटो नाकाशी नेला. "स्टँड दाखवलाय. खालची जमीन कुठे दाखवलीय?" म्हणाले. आमच्याकडे लाल ऑक्साइडची जमीन, इतकी गुळगुळीत की तिच्यात पंखा दिसायचा. त्या परदेशी रबराचा लाल जमिनीवर भरवसा काय? कॅटलॉग बंद झाला. शिवाय त्यांनी मला विचारलं, की हा गिटारवाला केशोजींच्या ओळखीतला तर नाही?

मग चिकपेटेच्या मागच्या गल्लीत लोखंडी स्टँड सापडला. वेल्डिंगवाल्यानं पिंपासाठी केला होता, पण आकार बरोबर बसत होता. अण्णांनी तो बोलीवर घरी आणवला, म्हणजे नापास झाला तर परत. परीक्षा अशी: बासच्या वजनाइतकी नाचणी पोत्यात भरायची, पोतं स्टँडवर ठेवायचं आणि चारी बाजूंनी धक्के द्यायचे. तिसऱ्या धक्क्याला एक पाय लाल जमिनीवरून सरकला, पोतं फुटलं आणि नाचणी मधल्या खोलीपासून न्हाणीपर्यंत पसरली. अक्का केरसुणी घेऊन आल्या आणि झाडू लागल्या. अण्णा मात्र खूश झाले. त्या जागी बास असता तर, असं दिवसभर सांगत राहिले.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. ते फुटलेलं पोतं भरून झाल्यावर अण्णांनी उचललं नाही. अक्कांनी आणि मी दोघींनी मिळून ओढत नेलं, आणि एरवी बायकांना जड काही उचलू न देणारा हा माणूस खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

शेवटी सुब्बण्णा नावाच्या म्हाताऱ्या सुतारावर गाडी आली. लाकडाचा स्टँड करायचा, खाली बासच्या बुडाला बसेल अशी खोबण, पाठीला टेकण, टेकणाला घोंगडीचं अस्तर, पायांना सायकलच्या ट्यूबचं रबर. सुब्बण्णानं पेन्सिल कानावरून काढली आणि उंची विचारली. अण्णांनी सुतळी काढली. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, गुडघे जरासे वाकवले आणि दुसरं टोक आपल्या पोटावर आणून गाठ धरली. सुब्बण्णानं एकदा सुतळीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यानं कानडीत जे विचारलं ते मला मोडकंतोडकं कळलं: स्टँड वाद्याचा ना, मग माप तुमचं कशाला?

"वाद्य माझं म्हणून," अण्णा म्हणाले.

घरी येताना ते स्कूटरवर मागे बसले होते. खड्डा आला की माझ्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट व्हायची आणि तोंडातून बारीक आवाज निघायचा. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना अक्कांच्या लुगड्यामागे लपवून वाळत टाकलेला एक पट्टा मला दिसला. रुंद, पांढरा, पोलादी पट्ट्या शिवलेला. कमरेचा. अक्का मागून आल्या, मी पट्टा बघतेय हे त्यांनी बघितलं, आणि बादली खाली ठेवून, तिथेच कठड्यावर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

उन्हाळ्यात एका लग्नाहून आल्यावर बास खाली ठेवताना अण्णांच्या पाठीत काहीतरी सरकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की खाली वाकून बादलीसुद्धा उचलायची नाही. हे कोणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ अक्कांना घातली होती. घुशी, ओल, चोर, सगळी सोंगं त्यासाठी होती. स्टँड बास ठेवण्यासाठी होताच, पण अण्णांना पाहिजे होता तो अशा उंचीचा की गुडघे वाकवून बासचा पट्टा खांद्यावर घ्यावा, गुडघे सरळ करावे आणि बास आपोआप वर यावा. पाठीला कळूही नये. दसऱ्याच्या सकाळसाठी चाललेला सगळा खटाटोप होता तो.

मी रागावले. म्हाताऱ्यानं मला महिनाभर शहरभर फिरवलं आणि खरं सांगितलं नाही याचा राग आला. संध्याकाळी मी सरळ विचारलं. अण्णा बासच्या दट्ट्यांना तेल घालत होते. त्यांनी आधी दार लावलं, खिडकी लावली, आणि मग म्हणाले, "रोज सकाळी उठून ह्याला पुसतो. दिवस तिथून सुरू होतो, अम्मा. तो गेला तर सकाळी उठून मी काय पुसायचं?" माझा राग तिथल्या तिथे गेला आणि त्या जागी नुसती भीती राहिली. नवमीला हॉलमध्ये सगळ्यांची वाद्यं जाजमावर आणि ह्यांचा एकट्याचा बास स्टँडवर दिसला की विचारणारी तोंडं होती. जमिनीवरून उचलायचं म्हणजे जमिनीवरून, असं म्हणणारे दोघेतिघे तर नक्की होते. अण्णांचं म्हणणं, नवा स्टँड आहे, त्याचीही पूजा, असं सांगून वेळ मारून नेऊ.

नवमीच्या आठवडाभर आधी, अण्णा देवळात गेलेले असताना केशोजी आले. मी जिन्यातच भेटले. उंच, ढेरपोटा, मवाळ बोलण्याचा माणूस. त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "सुब्बण्णाकडे स्टँड करायला टाकलाय म्हणून ऐकलं. उंच किती आहे हो तो?"

तीस वर्षांचा डोळा म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. मला ठाऊक नाही, मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, स्वल्प अंदाज तरी? मी काम असल्याचं सांगून वर निघून गेले, आणि अण्णा आल्याबरोबर त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. नंतर सुब्बण्णाकडून कळलं की केशोजी तिथेही जाऊन आले होते आणि स्टँडला हाताची वीत लावून मोजून गेले होते. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. खोलीत जाऊन ते नुसते बसून राहू लागले, बासला फडकंही लावेनात. अक्कांनी मला विचारलं, हे सांगायलाच पाहिजे होतं काय? मला तेव्हा माझंच बरोबर वाटत होतं.

नवमीला रस्ताभर रिक्षांना केळीचे खांब बांधलेले, जागोजागी फोडलेले कोहळे. अण्णा रिक्षात बासला कवटाळून, मी मागून स्कूटरवर स्टँड बांधून. हॉलच्या दाराशी अण्णा थांबले. आता काय ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी त्यांच्या मागे उभी.

आत जाजम अंथरलेलं होतं आणि त्यावर एकही वाद्य नव्हतं. क्लॅरिनेट एका स्टुलावर, कॉर्नेट दुसऱ्या स्टुलावर, ढोल बाकावर, झांजा खुर्चीवर, केशोजींचं युफोनियम शाळेतल्या एका टेबलावर. सगळं एका उंचीवर आणलेलं, जिथे कमी पडलं तिथे खाली विटा लावलेल्या. मधे बासच्या जागी तेवढी मोकळी जागा. नियमवाले दोघे कोपऱ्यात गप्प बसले होते, त्यांचीही वाद्यं स्टुलांवर होती.

अण्णांनी सगळीकडून नजर फिरवली. "हे सगळं वर का चढवलंय?"

"मुंग्या झाल्यात, अण्णा," केशोजी म्हणाले. "जमिनीवर काही ठेवायची सोय नाही."

अण्णा सवयीप्रमाणे मुंग्या बघायला निघाले. जाजमाचा कोपरा पायानं उलटला, भिंतीच्या कडेनं चालत गेले, चष्मा सारखा करत खिडकीखाली थांबले. मुंगी एकही नव्हती. त्यांनी आमच्याकडे पाठ करून चष्मा पुसला. मग परत आले आणि केशोजींना म्हणाले, "होय. बऱ्याच आहेत." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही ते बरंच झालं. मला इतकी लाज वाटत होती की मी विटा सारख्या करत बसले.

दसऱ्याला सकाळी अण्णांनी गुडघे वाकवले, पट्टा खांद्यावर घेतला आणि सावकाश सरळ झाले. बास वर आला. सूर लागला, खालचा, जाडा, पायाखालच्या जमिनीतून वर येणारा. दारात उभ्या असलेल्या अक्कांनी पदर तोंडाला लावला. भोंगा वाजला एकदाचा, असं त्या पुटपुटल्या आणि रडल्या. अण्णांनी बास परत स्टँडवर ठेवला, आणि मग स्टँड हलत नाही ना हे धक्का देऊन बघितलं.

वर्षभर बास घरी राहिला. वरातीत अण्णा चालले नाहीत, मांडवात स्टँडशेजारी उभं राहून वाजवत. केशोजींबद्दल ते एक शब्द बोलत नसत, चांगला नाही की वाईट नाही. मुंग्यांचा विषयही घरात कधी निघाला नाही. दूधवाल्याला मात्र पहिल्यासारखंच उन्हात उभं राहावं लागे.

पुढच्या वर्षी भाद्रपद संपता संपता माझी पुण्याला बदली झाली. सामान रिक्षात चढवून मी निरोप घ्यायला खाली आले तर मधल्या खोलीचं दार उघडं. कुलूप नाही, कागदाचा बोळा नाही. अंगणात केशोजी गंजिफ्रॉकवर उभे होते, गुडघे जरासे वाकवून, अवघडून. पुढ्यात अण्णा कमरेला पट्टा बांधून पाटावर बसलेले. सुब्बण्णा कानावर पेन्सिल लावून स्टँडशेजारी थांबलेला, पायांना जोडायचे लाकडाचे तीन ठोकळे हातात धरून. अण्णांनी सुतळीचं टोक केशोजींच्या अंगठ्याखाली सरकवलं आणि दुसरं टोक त्यांच्या पोटापर्यंत नेलं. जुनी गाठ खाली राहिली होती. त्यांनी नवी गाठ मारायला घेतली आणि मधेच थांबून वर बघितलं. नजर तीच, दूध उन्हात धरतानाची.

"पोट आत ओढू नका, केशोजी," म्हणाले. "मला सगळं कळतं."